पापणीवरचा काळा दोरा

माझ्या दुकानात वजनकाटा नाही. तरी गल्लीतल्या कुठल्या बाईचं अंग सुटायला लागलं आणि कोण रोडावली, हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळतं. सिडकोतल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं ब्लाऊजचं दुकान. तीस वर्षं झाली. सकाळी गळ्यात पडलेली टेप जेवायला बसतानाच उतरते. बाई दारातून आत आली की मी मनात आकडा धरते, आणि टेप लावल्यावर तो अर्ध्या इंचापलीकडे कधी चुकत नाही. याचा मला फार तोरा होता. माणूस वरून बघितलं की सगळं कळतं, असं मी धरून चालले होते. त्या तोऱ्यापायी माझ्या धाकट्या जावेचा डावा डोळा गेला, आणि तो कसा गेला ते मी चार महिने तिच्यापासून लपवून ठेवलं. आता निदान लिहिताना तरी लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो. खाली मी, वरच्या मजल्यावर ती. ती पाचोडची, घरच्या मोसंबीच्या बागेत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा शेलाटी होती. पुढं दोन बाळंतपणं झाली, माझे दीर वाळूजच्या कंपनीत पाळीवर जायला लागले, आणि एकटीनं वेळी-अवेळी जेवत ती चांगलीच भरली. मी तिला सोडलं नाही. “तुझ्या एका ब्लाऊजच्या कापडात माझी दोन गिऱ्हाइकं निघतील,” असं मी चारचौघींत म्हणायची. ती हसायची. हसून मान खाली घालायची आणि पुढचा टाका घालायची.

कारण माझ्या दुकानातली तुरपाई आणि हूक तीच करायची. मशीनवर मी बसते, पण गळ्याची, बाहीची आतली दुमड हातानंच शिवावी लागते. तिचे टाके इतके बारीक की वरून कापडावर ठिपकासुद्धा दिसायचा नाही. गिऱ्हाइकं माझ्या कटिंगची तारीफ करायची, पण जाणत्या बायका ब्लाऊज उलटा करून आतल्या टाक्यांवरून बोट फिरवायच्या आणि “हे कुणी केलं?” विचारायच्या. ते मला फारसं आवडायचं नाही, हेही सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिच्या पायाला चप्पल लागून फोड आला आणि तो महिनाभर भरेना. मीच तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथं काट्यावर उभं राहायची वेळ आली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले. लहानपणी पाचोडच्या आठवडी बाजारात तिच्या चुलत्यानं गंमत म्हणून तिला मोसंबीच्या काट्यात बसवलं होतं आणि भोवतालचे सगळे हसले होते. तेव्हापासून ती काट्याला बिचकते. नर्सबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला आणि तिला रक्त द्यायला आतल्या खोलीत नेलं. बोटातलं रक्त आधीच तपासून झालं होतं आणि साखर भलतीच निघाली होती. डॉक्टरांपुढं मी एकटीच उरले.

“साखर आज सापडली,” डॉक्टर म्हणाले, “पण ती किती वर्षांची आहे ते सांगता येत नाही. पायाची जखम बरी व्हायची तर साखर आटोक्यात हवी, आणि त्यासाठी वजन उतरवावं लागेल. पण हळूहळू. महिन्याला दोन किलो पुष्कळ झालं. आणि त्याआधी याच आठवड्यात यांच्या डोळ्याचा पडदा तपासून आणा.”

“डोळे उत्तम आहेत तिचे,” मी म्हणाले. “चष्मासुद्धा नाही. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं तुरपाई करते.”

“चष्म्याचा नंबर वेगळा, पडदा वेगळा. पडदा आत असतो. तो बिघडायला लागला तरी बरेच दिवस माणसाला नीट दिसत असतं. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात, तेव्हा तो बघता येतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांना जवळचं काम करता येणार नाही, एवढंच.”

त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. एवढ्या सगळ्या बोलण्यातलं माझ्या कानांनी एकच वाक्य धरून ठेवलं. संध्याकाळपर्यंत जवळचं काम करता येणार नाही. घरी टेबलावर नवरात्राचे नऊ रंगांचे ब्लाऊज पडले होते, एकेका बाईचे नऊ नऊ, सगळे कापून तयार, तुरपाईची वाट बघत. सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवणाऱ्या बाईच्या डोळ्याला काय होणार आहे, असं मी मनाशी म्हटलं. दसरा होऊ दे, मग बघू.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, “काय म्हणले डाक्टर?”

“म्हणाले, वजन उतरव, सगळं ठीक होईल.”

ती चिठ्ठी मी मापांच्या वहीत घातली, तिच्याच पानात. हरवली असं मला कधीही म्हणता येणार नाही, कारण पुढं दर सोमवारी मी ते पान उघडत होते.

काट्याला ती बिचकायची, म्हणून आम्ही तिचं उतरणं टेपनं मोजायचं ठरवलं. सोमवारी सकाळी दुकान उघडलं की पहिलं माप तिचं. छाती, कंबर, दंड. वहीत तारीख घालून लिहायचे. अर्धा इंच उतरलं की मी तिच्या ब्लाऊजची शिवण अर्धा इंच आत घ्यायची आणि म्हणायची, “आता मागं वळायचं नाही, कापड आत गेलं.” तिला ते आवडायचं. आरशापुढं ती जरा जास्त वेळ उभी राहायची. कॅनॉटच्या बागेला सकाळी पाच फेऱ्या, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी नुसती भाजी, भात बंद. पाचोडहून भावानं मोसंबीची पिशवी आणली तर मी ती दारातूनच परत लावली. डॉक्टरांनी महिन्याला दोन किलो सांगितलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं. दोन किलो तर ही एका सणाला चढवते, असं मी म्हटलं आणि अर्ध्या भाकरीची पाव केली.

तिची साखर झपाट्यानं खाली आली. पायाची जखम भरली. गोळ्या चालू होत्याच. आम्ही डॉक्टरांकडे परत गेलो तेव्हा ते रिपोर्ट बघून खूश झाले आणि त्यांनी विचारलं, “पडदा दाखवलात ना?” तेव्हाही ती बाहेर चप्पल घालत होती. मी मान हलवली. होकारार्थी हलवली, की नुसतीच, हे मी पुढं स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. होकारार्थीच हलवली होती.

मार्गशीर्षात लासूर स्टेशनला आमच्याकडचं एक लग्न होतं. आत घेतलेल्या ब्लाऊजवर निळी साडी नेसून ती मांडवात आली आणि बायका बघतच राहिल्या. “थोरलीनं धाकटीचं सोनं केलं,” असं एक सासरकडची म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मी पदर सावरून खाली बघितलं, पण आतून मी फुगले होते. त्याच पंगतीत वाढताना धाकटीनं वरणाचा डाव पत्रावळीच्या बाहेर ओतला, एकदा नाही, दोनदा. लोक हसले. मी तिच्या दंडाला चिमटा काढला आणि “लक्ष कुठंय तुझं?” म्हणाले.

मग टाके वाकडे यायला लागले. आधी हुकांची ओळ तिरकी. मग तुरपाई कुठं दाट, कुठं विरळ, आणि एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर तर टाका सरळ वर आलेला. मला वाटलं, बारीक झाली तशी हिची मिजास वाढली, आता कामात जीव नाही. संक्रांतीच्या काळ्या ब्लाऊजांची घाई सुरू झाली होती. मी तिच्यापुढं तो ब्लाऊज टाकला.

“उसव.”

“सगळा, अक्का?”

“सगळा. लाज वाटेल असलं काम माझ्या दुकानातून जाणार नाही.”

तिनं उसवला. परत शिवला, तो परत वाकडा आला. मी परत उसवायला लावला. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी ती कापड डोळ्याजवळ, पार नाकापाशी नेऊन टाके घालत होती. “काळ्यावर काळं दिसत नाय, अक्का,” ती एवढंच म्हणाली. मी म्हणाले, “इतकी वर्षं कसं दिसत होतं?”

शेजारी पिको-फॉल करणाऱ्या खाला आहेत. त्यांचं मशीन आणि माझं मशीन यांच्यामध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीला खिडकी. त्यांनी खिडकीतून मला हाक मारली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “भाभी, ये सीढ़ी पे हाथ टेक टेक के उतर री. आखरी पायरी पाँव से टटोलती. आँखां दिखाओ इनकी.”

“खाला, तुम्ही तुमचं पिको बघा,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. चिठ्ठीची आठवण झाली की माझा आवाज चढायचा.

संक्रांतीच्या आधी आमच्या दुकानात सगळीकडे काळंच काळं असतं. काळी कापडं, काळी रिळं, फरशीवर काळ्या दोऱ्यांचे तुकडे. ते केसांत सापडतात, पदराला चिकटतात, चहाच्या कपात तरंगतात. त्या सकाळी ती उजेडासाठी दारापाशी बसून हूक लावत होती आणि माशी उडवावी तसा डाव्या डोळ्यापुढून सारखा हात फिरवत होती.

“काय वं, काय झालं?”

“दोरा चिकटलाय पापणीला. निघंना.”

मी मशीनवरून उठले, तिची हनुवटी वर केली आणि पदराच्या टोकानं तिची पापणी पुसली. मला दोरा काही दिसला नाही. पण आमच्या त्या खोलीत दोरा नसणं हेच नवल होतं, म्हणून मी चिमटीत धरल्यासारखं करून झटकला आणि म्हणाले, “निघाला बघ.”

“नाय निघाला. मी जिकडं बघंन तिकडं जातोय.”

“डोळा धुऊन ये.”

ती धुऊन आली. “एक होता, आता तीन-चार झालेत, अक्का. लोंबत्यात.”

मी परत पुसलं. या खेपेला जरा जोरात पुसलं. मग म्हणाले, तुला काम नकोय तर सरळ सांग. तिनं डावा डोळा मिटून घेतला आणि एका डोळ्यानं समोरचे सात ब्लाऊज संध्याकाळपर्यंत पुरे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्यात बसून मला हाका मारत होती. डाव्या डोळ्यापुढं लाल पाणी आलंय, म्हणाली, आणि त्या पाण्यापलीकडं काहीच नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातले. दोन तास बसलो. त्या दोन तासांत मी किती ब्लाऊज राहिले ते मोजलं नाही, असं म्हणायला मला आवडलं असतं. डॉक्टरीणबाईंनी दिव्यानं आत बघितलं, परत बघितलं, आणि मग आम्हाला समजावून सांगितलं. पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. अंगावर चरबी साचत जाते, साखर आणि रक्तदाब वाढत जातो, आणि त्याचा मार त्या बारीक वाहिन्यांना वर्षानुवर्षं बसत राहतो. त्या खराब झाल्या की त्यांच्या जागी नव्या फुटतात, त्या तर आणखी कच्च्या. त्यातली एक फुटून डोळ्यात रक्त उतरलं होतं.

“आधी काळे दोरे दिसले असतील,” त्या म्हणाल्या. “ते रक्तच असतं. लोक घाबरून लगेच येतात. तुम्ही कशा थांबलात?”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. आमच्याकडे दोऱ्याला कुणी घाबरत नाही, हे त्यांना कसं सांगणार?

मग त्यांनी वजनाचं विचारलं. मी वही नेली नव्हती, पण आकडे मला तोंडपाठ होते. किती महिन्यांत किती उतरलं ते मी सांगितलं आणि त्यांनी लिहायचं थांबवलं.

“वजन उतरवलं ते बरोबरच आहे,” त्या म्हणाल्या, “ते उतरायलाच हवं होतं. पण साखर इतकी जुनी असली आणि ती अशी एकदम खाली आली, तर आधीच दुखावलेला पडदा काही काळ जास्त बिघडू शकतो. म्हणून आधी पडदा बघतात, लागलं तर लेसर करून घेतात, आणि मग हळूहळू वजन उतरवतात. क्रम चुकला तुमचा. पडदा तपासायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?”

“नाय मॅडम, कुणीच नाय सांगितलं,” धाकटी म्हणाली. अगदी ठाम. जी गोष्ट खरी आहे तीच ती सांगत होती.

मी तिच्या शेजारी बसले होते. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मनात त्यांनी पहिल्या डॉक्टरांना नावं ठेवली असणार. म्हणजे माझ्या चुकीला आणखी एक धनी मिळाला, आणि मी तो मिळू दिला. माप न घेता कापड कापलं तर मी कारागिराला दारातून बाहेर काढीन. इथं मी डोळा कापून बसले होते आणि पर्स मांडीवर धरून गप्प होते.

उजव्या डोळ्याला लेसर केलं. तो वाचला. डाव्याचं ऑपरेशन झालं, रक्त निघालं, पण मागचा पडदाच ओढला गेला होता. त्या डोळ्याला आता उजेड कळतो, समोर कुणी हललं तर सावली कळते. सुई कळत नाही.

ऑपरेशननंतर आठवड्यानं मी तिच्यासाठी वर जेवण घेऊन गेले. डोळ्यावर पट्टी होती. तिनं माझा हात धरला.

“अक्का, एक सांगायचंय. रागवू नका.”

मला वाटलं, हिला कळलं.

“मी चोरून खात होते,” ती म्हणाली. “तुम्ही मोसंबीची पिशवी परत लावली ना, भावानं त्यातली थोडी मागच्या जिन्यानं वर आणून ठिवली होती. रोज दुपारी एक खायचे मी. आन लासूरच्या लग्नात मांडवामागं दोन गुलाबजाम खाल्ले. तुम्ही माझ्यासाठी एवढं करत होता, आन मी अशी. त्याचीच शिक्षा झाली मला.”

ती रडत होती, आणि पट्टीच्या डोळ्यानं रडू नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. खरं बोलायची याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “असू दे. झालं ते झालं.”

मी तिला माफ केलं. चार मोसंबी आणि दोन गुलाबजामांसाठी, मी, तिला. आयुष्यात मी पुष्कळांना टाकून बोलले आहे, त्यातलं बरंचसं विसरलेही आहे. पण ते ‘असू दे’ माझ्या तोंडातून किती मायेनं निघालं होतं ते आठवलं की आजही मला स्वतःची किळस येते. मी भित्री आहे. एवढी मोठ्या आवाजाची बाई भित्री असेल असं कुणाला वाटत नाही, त्याचाही मला उपयोग झाला.

पुढं जे झालं ते त्या माफीमुळंच झालं. तिनं खाणंच सोडलं. हा एक तरी डोळा राहू दे म्हणून सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे उपास धरले. मधल्या दिवशी पाव भाकरी. गोळ्या मात्र नेमानं पूर्ण घ्यायची. मी “खा” म्हटलं की म्हणायची, “नको अक्का, माझी जीभ लई वाईट हाय.” महिन्याभरानं ती स्वतःच ब्लाऊज घेऊन खाली आली, आत घ्यायला. मी टेप लावली. दोन इंच. गळ्याची हाडं वर आली होती. पूर्वी अर्ध्या इंचाला मी शाबासकी द्यायची. त्या दिवशी मी आकडा वहीत लिहिला नाही.

वैशाखात एका सकाळी ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर खाली बसली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, डोळे भलतीकडंच. खाला भिंतीपलीकडून धावत आल्या. “शक्कर दो पहले, बातां बाद में,” त्या म्हणाल्या. मी साखरेचा डबा आणला, चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं दात घट्ट मिटून घेतले. तशा अवस्थेत, शुद्ध हरपत असताना, ती मान हलवत होती. “साखर नको. डोळा जाईल. अक्का, नको.”

खालांनी तिचं डोकं धरलं. मी बोटानं तिच्या गालाच्या आत साखर चोळली. उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांनी तिची साखर पार खाली गेली होती; थोड्या वेळानं तिला हुशारी आली. खालांनी माझ्याकडे बघितलं आणि आपल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाला कडी घातली आणि वही घेऊन वर गेले. एरवी तीच खाली यायची. तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि चिठ्ठी काढून तिच्यापुढं धरली. तिनं ती उजव्या डोळ्याजवळ नेली, पण डॉक्टरांचं अक्षर तिला लागेना. मग मी वाचून दाखवली. तिचं नाव, तारीख आणि एकच ओळ. उपचार सुरू करण्याआधी दोन्ही डोळ्यांचा पडदा तपासावा, याच आठवड्यात.

“कवाची हाय ही?”

“नवरात्राच्या आधीची. तू रक्त द्यायला आत गेली होतीस.”

“कुठं होती?”

“माझ्या वहीत. तुझ्या पानात. तुरपाई अडली असती म्हणून मी तुला सांगितलं नाही.”

तिनं चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “म्हंजी मोसंबीनं नाय झालं.”

“नाही. मोसंबीनं नाही झालं. तू काही केलेलं नाहीस.”

“आन तुम्ही मला असू दे म्हणलात.”

तिनं चिठ्ठीची घडी घातली, आपल्या डब्यात ठेवली, आणि म्हणाली, “तुम्ही खाली जा आता.”

तिनं दिरांना सांगितलं. दीर माझ्याशी आजही कामापुरतंच बोलतात. पाचोडहून तिचा भाऊ आला आणि माझ्या दारावरून वर गेला, आत डोकावला नाही. लासूरच्या त्या म्हातारीपर्यंतही गेलं असेल. हे सगळं व्हायलाच हवं होतं. मला त्यात एकच गोष्ट जाणवत राहिली. वरच्या स्वयंपाकघरातून त्या दिवसापासून दोन्ही वेळा भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

अकरा दिवस ती खाली आली नाही. तुरपाई मी करत होते. माझे टाके म्हणजे लहान पोरानं काढलेली रांगोळी. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करत होती. बाराव्या दिवशी ती भिंतीला हात लावत आली, दारापाशी आपल्या जागेवर बसली आणि म्हणाली, “बुधवारी पडदा तपासायला जायचंय. थेंब घातल्यावर मला दिसत नाय. तुम्ही चला.” मी बुधवारी दुकान बंद ठेवलं. आता दर तीन महिन्यांनी मी ठेवते. दाराला पाटी लावत नाही, कुणी विचारलं तर कारण सांगते, माझ्या चुकीसकट. तिचं वजन आता सावकाश, महिन्याला जेमतेम किलोनं उतरतं, आणि ते दवाखान्यातल्या काट्यावर. काट्यावर ती आता डोळे उघडे ठेवून उभी राहते. सोमवारची टेप बंद झाली.

तिनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. तो शब्द माझ्या तोंडी पुन्हा येऊ नये असं मला वाटतं.

काल दुपारी ती दारापाशी बसली होती. चहाबरोबर माझ्याकडची अर्धी भाकरी तिनं मागून घेतली आणि सावकाश खाल्ली. मी एका काळ्या ब्लाऊजच्या गळ्याची तुरपाई पुरी करून तिच्या हातात दिली. हल्ली ती माझं काम अंगठ्यानं तपासते. तिनं ब्लाऊज उलटा केला, डोळे मिटले, आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवत गेली. मध्येच थांबली.

“इथून वाकडं झालंय.”

“कुठून?”

“पार सुरवातीपासून. उसवा.”

“सगळं?”

“सगळं, अक्का.”

मी ब्लाऊज परत घेतला, कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं आणि उसवायला लागले. ती उजव्या डोळ्यानं बघत बसली होती.